फक्त चिमण्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या आवारात बर्ड फीडर लागला आहे आणि त्याच्याखाली पाटी आहे : ‘येथील खाद्य फक्त चिमण्यांसाठी आहे. कबुतरांनी गैरसमज करून घेऊ नये. हुकमावरून.’

२० मार्च म्हणजे जागतिक चिमणी दिन. २०१० पासून तो दरवर्षी न चुकता येतो. चिमणी येतेच असं नाही.

फीडरचं सोडा, तो कुणीही टांगतो. पाटी महत्त्वाची. तिच्या मजकुरासाठी कार्यकारिणीची खास सभा झाली. ‘कृपया’ घालायचं की नाही, यावर पहिला तास गेला. कबुतरं सभासद नाहीत, भाडेकरूही नाहीत, तेव्हा ‘कृपया’ गळलं. मग एका सभासदाने शंका काढली की पाटी मराठीत, पण कबुतरं सगळ्या भाषांच्या घरांतलं खातात. तोडगा म्हणून पाटीवर कबुतराचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारायचं ठरलं. पेंटर कलावंत निघाला. कबुतर असं गुबगुबीत उतरलं की इतर कबुतरांना ती खानावळीची जाहिरात वाटली असावी. दुसऱ्या दिवसापासून बाजरीवर पंगती उठू लागल्या. मग वॉचमनला काठी आणि सूचना मिळाली : कबुतर आलं की काठी आपटायची, चिमणी आली की स्तब्ध उभं राहायचं. काठीच्या आवाजाने चिमणी आधी उडेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चिमणी आलीच नसल्याने अडलंही नाही. आली ती खार. तिला कबुतरात धरायचं की चिमणीत? फीडरमध्ये खारीचा वाटा किती, याबद्दल उपविधी गप्प आहेत. विषय पुढच्या सभेवर गेला, तोवर खारीने वाटा स्वतःच ठरवून घेतला. सांडलेल्या बाजरीवर रात्री उंदीर आणि घुशी येऊ लागल्या. त्यांच्यामागे एक गव्हाणी घुबडही आलं. फुकटात उंदीर मारणारा एवढा निमूट कर्मचारी शहरात शोधून सापडत नाही. पण घुबड अशुभ! ते हाकलायचा ठराव एकमताने, आणि उंदरांना विष घालायचा त्याहून जास्त एकमताने. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरतं, म्हणजे एका खर्चात दोन ठराव मार्गी, असं खजिनदारांनी प्रसन्नपणे सांगितलं.

आता हसू आवरून बोलतो. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीला किडे आणि अळ्या भरवते. आमच्याकडे दर महिन्याला पेस्ट कंट्रोल होतो. अळी दिसली की व्हॉट्सॲपवर तिचा फोटो फिरतो, खाली रागाने लाल झालेले चेहरे. जुन्या घरांत आढ्यात, कौलांखाली, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे तिला घरटं बांधता यायचं. आमची इमारत काचेची आणि गुळगुळीत. तिथे पाल घसरते, चिमणी कुठून बसणार? कोपऱ्यात उंबर होता. फळांच्या दिवसांत त्यावर तांबट, कोकीळ, कधी धनेशही यायचा, आणि त्यांना कुणी पाटी दाखवत नसे. फळं गाड्यांच्या बॉनेटवर पडतात म्हणून तो ‘धोकादायक’ ठरला. झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदाच आहे. ‘धोकादायक’ हा शब्द त्या परवानगीचाच पासवर्ड. ज्या दांड्याला फीडर टांगलाय, तो बरोब्बर त्या उंबराच्या जागी पुरलेला आहे. चिमणीवर आपलं प्रेम आहे, फक्त तिने झाड, किडा, भोक, काडीकचरा यांतलं काही मागू नये. बाजरी खावी, सेल्फीत यावं आणि शिटायला शेजारच्या सोसायटीत जावं.

आणि ते पेव्हर ब्लॉक! चिमणीला मातीत लोळून धुळीची अंघोळ लागते. आमच्या अख्ख्या आवारात चिमूटभर माती उघडी नाही. कुंपणालगतची एक ओळ, फक्त एकच, उखडून माती मोकळी ठेवा, असा अर्ज मी दिला. उत्तर आलं, मातीने गाड्यांचे टायर खराब होतात. टायर! त्या धिप्पाड एसयूव्हींचे! जाहिरातीत चिखल उडवत डोंगर चढतात, नद्या ओलांडतात, आणि आमच्या आवारात हातभर मातीला घाबरतात मेल्या.