करारी माणूस

विजेचं बिल फुगलं की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली माणसं महावितरणच्या ऑफिसात जाण्याआधी तिसऱ्या मजल्यावर वकीलसाहेबांची बेल वाजवतात. 'तुम्ही विजेचे वकील ना, मग एवढं बघा जरा.' वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवतात आणि बिल उलटसुलट करतात. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार... हजारो कोटींच्या वीजप्रकल्पांचे करार लिहिलेला हा गृहस्थ शेवटी बिल परत देतो आणि म्हणतो, 'भरून टाका. पण अंडर प्रोटेस्ट भरा.' तळमजल्यावरच्या काकूंनी मोबाइलवर बिल भरताना हे अंडर प्रोटेस्ट नक्की कुठे टाइप करायचं, म्हणून त्यांना दोनदा खाली बोलावून घेतलं होतं.

त्यांना काळ्या कोटात कुणी पाहिलेलं नाही. सासरी याबद्दल अजून कुजबुज आहे. सासरे निवृत्त नायब तहसीलदार; त्यांच्या लेखी वकील म्हणजे उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस. जावई कोर्टात जात नाहीत हे ऐकल्यावर त्यांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं होतं, 'सनद गेली की काय गं?' सनद जागेवर आहे. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, फोर्टातल्या एका जुन्या फर्ममध्ये आर्टिकलशिप, मग सॉलिसिटरची परीक्षा, असं सगळं रीतसर झालेलं आहे. फक्त भांडण झाल्यावर धावणारा हा वकील नव्हे. पुढच्या पंचवीस वर्षांत कोण कुणाशी कशावरून भांडेल, याची आधीच कल्पना करून ठेवायचे त्याला पैसे मिळतात. अशुभ बोलू नये असं घरी शिकवलेल्या मुलानं हा धंदा निवडावा, याचं त्यांच्या आईला शेवटपर्यंत वाईट वाटलं.

ते फर्ममध्ये शिरले तेव्हा दाभोळचा बोलबाला होता. (प्रकल्प खाडीच्या अलीकडे अंजनवेलला, नाव मात्र पलीकडच्या दाभोळचं. वकीलसाहेब ही चूक आजही न विसरता दुरुस्त करतात.) 1993 साली एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार झाला, 1995 मध्ये युती सरकारनं तो मोडला, लंडनला लवाद सुरू झाला, मग त्याच सरकारनं पुन्हा बोलणी करून प्रकल्प वर काढला. 1999 मध्ये 740 मेगावॅट वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये वीज मंडळानं ती घेणं बंद केलं. दर डॉलरला बांधलेला, वीज उचलली नाही तरी पैसे द्यायचेच, वर राज्याची हमी आणि त्या हमीला केंद्राची हमी. आपण सगळ्यांनी तेव्हा हे पेपरात वाचून कपाळावर हात मारला. फर्ममधल्या ज्युनिअर मंडळींनी मात्र तो करार दासबोधासारखा कलमवार वाचून काढला. वकीलसाहेबांचं मत आजही असं की, 'ड्राफ्टिंग सुंदर होतं.' ऑपरेशन यशस्वी झालं पण पेशंट गेला, या चालीवर ते हे वाक्य म्हणतात.

त्यांच्या करारांची जाडी का वाढत गेली, हे मला त्यांच्याकडे बसूनच कळलं. प्रत्येक कलम म्हणजे कुणाला तरी पूर्वी लागलेली ठेच. सरकारनं मधेच करार मोडला तर काय, या भागाची दहा पानं दाभोळनं दिली. कोळशाचं कलम इंडोनेशियानं दिलं. मुंद्र्याच्या चार हजार मेगावॅटच्या प्रकल्पाची बोली होती युनिटला सरासरी 2 रुपये 26 पैसे; कोळसा यायचा इंडोनेशियातून. 2010 मध्ये त्या देशानं निर्यातीचा दर बाजारभावाला बांधला आणि इकडे गणित कोसळलं. प्रकरण वर गेलं. 2017 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोळसा महागला हा काही दैवी कोप नव्हे, आणि परदेशातला कायदा बदलला म्हणजे करारातला 'चेंज इन लॉ' झाला असंही नाही. त्या संध्याकाळी वकीलसाहेब पेढे घेऊन आले. खटला त्यांचा नव्हता, अशील त्यांचं नव्हतं. 'मी 2012 पासून हे कलम वेगळं लिहीत होतो,' एवढंच कारण.

मग सोलर आलं. 2018 च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या पॅनलवर 25 टक्के सेफगार्ड ड्यूटी बसली, 2022 च्या एप्रिलमध्ये 40 टक्के सीमाशुल्क. दर वेळी एकच प्रश्न: हा वाढीव खर्च कुणाचा? कलम नीट लिहिलेलं असेल तर प्रकल्पवाला वीज नियामक आयोगापुढे जातो, वीज कंपनीकडून तो वसूल करतो, आणि वीज कंपनी वर्षा-दोन वर्षांनी तो काकूंच्या बिलात घालते. म्हणजे काकू जे बिल घेऊन त्यांची बेल वाजवतात, त्याला थोडाफार हात वकीलसाहेबांचाही लागलेला असतो. हे मी त्यांना एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, 'नो कॉमेंट्स.'

फोर्स मॅज्यूर, म्हणजे कुणाच्याच हातात नसलेलं संकट, हा त्यांचा सर्वांत लाडका विषय. भूकंप, पूर, युद्ध, बंड, साथीचे रोग ही यादी ते विष्णुसहस्रनामाच्या लयीत म्हणतात. 2020 च्या मार्चपर्यंत यादीतले साथीचे रोग कुणी वाचतसुद्धा नव्हतं. त्या महिन्यात त्यांना देशभरातून फोन आले. 2021 मध्ये यादीत एक पक्षी शिरला. राजस्थान-गुजरातेत माळढोकाच्या टापूत विजेच्या तारा जमिनीखालून न्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि जडशीळ असल्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. वाळवंटात सोलर टाकायला निघालेल्या कंपन्यांचीही नेमकी तीच गत झाली. 2024 मध्ये न्यायालयानं तो आदेश सैल करून काम तज्ज्ञांच्या समितीकडे दिलं, तरी वकीलसाहेबांच्या मसुद्यातून पक्षी उडालेला नाही. सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात माळढोक दिसायची आता मारामार. यांच्या लॅपटॉपमध्ये तो हमखास दिसतो.

त्यांचं खरं रूप पाहायचं तर क्लोजिंगच्या रात्री पाहावं. मी एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला नरिमन पॉइंटला गेलो होतो. लांबलचक टेबल, त्यावर सह्यांच्या पानांचे गठ्ठे, प्रत्येक पानाला 'सही इथे' म्हणून पिवळी-गुलाबी चिठ्ठी. गार पिझ्झा. एका कोपऱ्यात बँकेचे वकील, दुसऱ्यात कंपनीचे, आणि रात्री दीड वाजता भांडण कशावरून, तर कंपनीनं परवानग्या मिळवण्यासाठी 'बेस्ट एफर्ट्स' करायचे की 'रीझनेबल एफर्ट्स'. तीन तास. कंपनीचे डायरेक्टर खुर्चीतच घोरत होते. त्यांच्याकडे पाहता ते कुठलेच एफर्ट्स करतील असं वाटत नव्हतं. पहाटे 'कमर्शियली रीझनेबल एफर्ट्स' यावर तडजोड झाली आणि दोन्ही बाजूंनी आपण जिंकल्यासारखे हात मिळवले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की स्टॅम्प ड्यूटीचं फ्रँकिंग करायचं राहिलंय.

एवढा बंदोबस्त करूनही त्यांची विकेट पडते ती सातबाऱ्यावर. ज्युनिअर असताना त्यांना पवनचक्क्यांच्या जमिनींचं टायटल बघायला साताऱ्याकडच्या पठारावर पाठवलं होतं. मुंबईहून बूट-टाय घालून गेले. तलाठी भाऊसाहेबांनी उतारा पुढे सरकवला: एका गटात तेवीस नावं, कुणापुढे 'अपाक', कुणापुढे 'एकुमॅ', इतर हक्कात सोसायटीचा बोजा आणि एक कूळ. इंग्रजी कराराच्या दोनशे पानांत ज्या संयुक्त हिंदू कुटुंबाला ते घाबरत नव्हते, ते संयुक्त हिंदू कुटुंब त्या दिवशी ओट्यावर ओळीनं बसलं होतं. त्यातल्या एका आजींनी विचारलं, 'जमिनीचं भाडं देणार ते कळलं. वाऱ्याचं काय देणार?' तलाठी हसला. हे हसले नाहीत. मुक्कामाला परतल्यावर त्यांनी मसुद्यात वाऱ्याच्या हक्काचं कलम घातलं. सीनियरनी शाबासकी दिली. आजींना काही मिळाल्याचं मात्र ऐकिवात नाही.

घरात या सगळ्याचे व्हायचे ते परिणाम झाले आहेत. वहिनींनी 'चहा घेणार का?' विचारलं की उत्तर येतं, 'तत्त्वतः हो.' महाबळेश्वरला जायचं ठरलं तेव्हा घाटात दरड कोसळली तर हॉटेलचे पैसे कुणी सोसायचे, यावरून मेव्हण्यांशी इतकी पत्रापत्री झाली की मेव्हणे परस्पर गोव्याला गेले.

गेल्या वर्षी सोसायटीनं गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे, एवढ्यापुरतं. सूर्यघर योजनेतून सोसायट्यांना किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे सगळे खुशीत होते. करार कोण करणार हा प्रश्नच नव्हता. वकीलसाहेबांनी तीन रविवार मोडून चौऱ्याऐंशी पानांचा मसुदा केला. युद्ध होतं, बंड होतं. मुलुंडमध्ये माळढोक येण्याची शक्यताही गृहीत धरलेली होती. पॅनलवाला नाशिकचा तरुण मुलगा. त्यानं स्कूटरच्या सीटवर कागद ठेवले, शेवटचं पान काढलं, सही ठोकली आणि विचारलं, 'मंगळवारी माणसं पाठवू ना काका?'

पॅनल बसले. लिफ्ट उन्हावर चालते. वकीलसाहेबांची झोप मात्र उडाली आहे. एकही शब्द न बदलता माणूस सही करतो, म्हणजे त्याला कुठली तरी पळवाट दिसली असणार, असं त्यांचं म्हणणं. रात्री बारानंतर त्यांच्या खोलीत दिवा दिसतो. स्वतःच्याच मसुद्यात ते ती पळवाट शोधत बसलेले असतात. परवा न राहवून त्यांनी त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, 'काका, तुम्ही काय टेन्शन घेता? काही प्रॉब्लेम आला तर फोन करा, मी येतो.'

'एक मिनिट,' वकीलसाहेबांनी पेन उघडलं. 'काही प्रॉब्लेम म्हणजे काय काय? आणि येतो म्हणजे किती तासांत?'

'काका, गाडी चालवतोय. नंतर बोलू.'

'नंतर म्हणजे...' पण तोवर फोन कट झाला होता.