बॉनेटखालचा मुक्त व्यापार

मुक्त व्यापाराबद्दल ज्यांना अजून शंका आहे, त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावं. तिथे व्यापार इतका मुक्त झाला, की गाड्या बनवणारे कामगारही मुक्त झाले.

१९४८ साली पंतप्रधान चिफ्लींच्या हस्ते पहिली ‘होल्डन’ लोकांपुढे आली आणि देशाची लाडकी झाली. लाड पुरवायला १९८८ पर्यंत परक्या गाड्यांवर ५७.५ टक्के आयात शुल्क होतं. २०१० पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं.

मधल्या काळात, २००५ साली, थायलंडशी करार लागू झाला. गाड्यांवरचं शुल्क दोघांनीही काढायचं, एकदम बरोबरीचा मामला! थायलंडचे पिकअप बिनशुल्क ऑस्ट्रेलियात उतरू लागले. ऑस्ट्रेलियाने फोर्ड टेरिटरी पाठवली. बंदरावर शुल्क शून्य. मग थाई अबकारी खात्याने बॉनेट उघडलं. चार लिटरचं इंजिन? तीन लिटरच्या वर पन्नास टक्के अबकारी, साहेब. गैरसमज नको, हा कर परदेशी गाडीवर मुळीच नाही, कुठल्याही मोठ्या इंजिनावर आहे! तिथे ढिगाने बनणाऱ्या पिकअपवर तोच कर अगदी किरकोळ असावा, हा निव्वळ योगायोग.

सगळं खापर करारावर फोडणं बरं नव्हे. खाणींच्या भरभराटीत ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकी डॉलरच्याही वर गेला होता आणि गिऱ्हाइकांना परकी गाडीच स्वस्त पडू लागली होती. फोर्डने मे २०१३ मध्येच गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. डिसेंबरात अर्थमंत्री जो हॉकींनी होल्डनच्या मालक जनरल मोटर्सला भर संसदेत दरडावलं: राहणार की जाणार, एकदाचं सांगा. दुसऱ्याच दिवशी कंपनीने सांगितलं, जाणार. मंत्र्यांच्या प्रश्नाला इतकं तत्पर उत्तर आपल्याकडे सरकारी खातीसुद्धा देत नाहीत. दोन महिन्यांत टोयोटाही त्याच वाटेने निघाली. २० ऑक्टोबर २०१७ ला एलिझाबेथ इथल्या होल्डनच्या कारखान्यातून शेवटची गाडी, एक लाल कमोडोर, बाहेर पडली.

जनरल मोटर्स तळेगावकरांच्याही ओळखीची. त्याच वर्षी तिने भारतातली विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता २०२० अखेरपर्यंत चालला.

जुलै २०२५ मध्ये आपण ब्रिटनशी करार केला. तिकडच्या ठरावीक गाड्यांवरचं शंभर टक्क्यांहून जास्त शुल्क टप्प्याटप्प्याने दहावर येणार आहे. चाकणकर आणि पिंपरीकरांनो, करार जरूर वाचा. पण शुल्काच्या तक्त्यावर थांबू नका. आपली गाडी पलीकडच्या बंदरात उतरल्यावर तिचं बॉनेट कोण उघडणार आणि काय वसूल करणार, तेवढं आपल्या खासदाराला विचारा.