एवढ्यानं काय होतंय!

रक्त तपासायला जायच्या आधी दोन दिवस मी गोड बंद केलं होतं. चहा बिनसाखरेचा आणि रात्री मुगाची खिचडी, तीही तुपाशिवाय. शाळेत आदल्या रात्री अभ्यास करून पास होत आलेला माणूस मी. बँकेत लागल्यावरही ऑडिटर येणार असं कळलं की आदल्या संध्याकाळी कपाटं आवरायची, हीच रीत शिकलो. तीच इथंही चालेल असं वाटलं होतं.

उपाशीपोटीची साखर खरोखरच बरी निघाली. कागद खिशात घालणार, एवढ्यात डॉक्टरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं ६.१ असा एक आकडा होता. त्याचं नाव एचबीएवनसी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या आयुष्यात रक्तातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे हा आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. तो ५.७ च्या खाली असता तर मी निर्धास्त घरी आलो असतो, ६.५ ला पोचला असता तर मधुमेह. मी मधे, उंबरठ्यावर उभा.

बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या सकाळची शिल्लक. ती एका दिवसापुरती दाखवता येते, मार्चअखेरीला आम्ही सगळेच दाखवतो. हा दुसरा आकडा म्हणजे पासबुक. त्यातली नोंद खोडता येत नाही.

नोंदी कसल्या होत्या हे मला पाठ होतं. साहेबांना नात झाली, एक पेढा. शिपायाचा मुलगा बारावी झाला, एक पेढा. चारच्या चहाबरोबर दोन खारी. घरी परतल्यावर जेवायला अवकाश आहे म्हणून मूठभर शेव. यातल्या प्रत्येक नोंदीसमोर तपशिलाच्या रकान्यात एकच वाक्य होतं : एवढ्यानं काय होतंय! मराठी माणसाच्या वजनाला तूप आणि साखर जेवढी कारणीभूत आहे, तेवढंच हे वाक्य आहे असं माझं मत आहे. ते समोरचा म्हणतो तेव्हा आग्रह असतो, आपण म्हणतो तेव्हा वेदान्त असतो.

रिपोर्ट आला मार्चमध्ये. पुढं गुढीपाडवा. म्हणजे मुहूर्तही साडेतीनातला. सकाळी कडुलिंबाची पानं चावत मी नऊ संकल्प सोडले. पहाटे पाचला उठणं, रोज एक तास चालणं, साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद, रात्री सातच्या आत जेवण, सूर्यनमस्कार, प्राणायाम आणि हे सगळं वहीत लिहून ठेवणं. दुपारी पानात श्रीखंड होतं. सण होता, त्यामुळे तो दिवस मोजण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मात्र संकल्प रोज एक या हिशोबानं गळत गेले आणि रामनवमीला वही तेवढी उरली. ती आता धोब्याच्या हिशोबाला आहे.

या काळात मी ज्ञान मात्र पुष्कळ मिळवलं. २०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे आणि ऋजुता दिवेकरांचे असे दोन पक्ष घराघरांत होते, ते आमच्या नात्यात अजून आहेत. आमचे मामा दीक्षितांकडचे : दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं. मेहुणी दिवेकरांकडची : थोडं थोडं, दर दोन तासांनी. दोघांशी मी सविस्तर चर्चा केली. बाकी मतभेद कितीही असोत, चहाबरोबरची खारी दोन्ही पक्षांना नामंजूर होती. म्हणून मी दोन्ही पक्षांचा राजीनामा दिला.

मग चालायला लागलो. नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे गेलं की निम्मं गाव भेटतं. माझी पाच जणांशी ओळख झाली. चालताना आम्ही गुडघे, महापालिका आणि जावई या विषयांवर बोलत असू. रविवारी चालून झालं की गाडी काढून मिसळ खायला जायचं, हे ओघानंच आलं. नाशिकची मिसळ पापडाबरोबर येते, कुठं कुठं जिलबीही येते. एवढं चाललो आहोत तर एवढ्यानं काय होतंय! महिनाभरात माझं वजन दीड किलोनं वाढलं. व्यायामानं स्नायू वाढतात, असं मी घरी सांगितलं.

बंगळुरूहून मुलीनं मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. "बाबा, रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत." दहाच हजार का, म्हणून मी शोधायला बसलो. शोधायला बसणं हा मला जमणारा व्यायाम आहे. निघालं ते असं : १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा निर्माण झाली आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव मॅन्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा आधी जाहिरातीत आला. त्याच्यावरचं संशोधन मागाहून झालं.

आमच्या आजीचा आकडा शंभर होता. तिनं त्याला शतपावली म्हटलं आणि कुठलंही यंत्र विकलं नाही. जेवल्यावर लगेच पाय हलले तर मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरची चढण कमी होते, हे आज अभ्यासांनी दाखवलंय. शंभर पावलं कमीच पडतात, दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत. पण वेळ आजीनं अचूक निवडली होती. मी पहाटे पाचला साखर जाळायला निघत होतो आणि रात्री नऊला, ती खरी चढते तेव्हा, सोफ्यावर आडवा होत होतो.

असे चार महिने गेले. श्रावणात पंचवटीत मावशीकडे गेलो होतो. तिनं आल्याचा चहा पुढं केला. पहिला घोट घेतला आणि दचकलो. चहा कसला, पाकच होता तो. घरी येताना बायकोला म्हटलं, "मावशीचा हात आता सैल झालाय. वयच झालं म्हणा. केवढी साखर ती!"

ती हसली. म्हणाली, "मावशींचा हात आहे तिथंच आहे. मीच पाडव्यापासून दर पंधरा दिवसांनी तुमच्या कपातली थोडी थोडी साखर काढतेय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"थोडीच तर काढली. एवढ्यानं काय होतंय, अहो!"

मी रात्री कागदावर हिशोब मांडला. माझे चहा दिवसाला चार. कपात भरून दोन चमचे, चमच्याला साधारण पाच ग्रॅम. म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास, वर्षाला साडेचौदा किलो. निव्वळ चहातून मी दर वर्षी पाव पोत्याहून जास्त साखर उतरवून घेत होतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवता आली तर बरं म्हणते. आणि हिनं चार महिन्यांत मला कपाला दोन चमच्यांवरून एकावर आणून ठेवलं होतं. मला त्याग करावा लागला नाही, कुणाला सांगावं लागलं नाही आणि वहीत लिहावंही लागलं नाही. माझे नऊ संकल्प ढोल वाजवत आले आणि नऊ दिवसांत गेले. तिचा एकच होता, तो मागल्या दारानं येऊन घरचा होऊन बसला होता.

त्या दिवसापासून मी घरात टेहळणी सुरू केली. तेव्हा कळलं की इतरही बरंच काही घडून गेलंय. खारीचा आणि शेवेचा डबा ओट्यावरून माळ्यावर गेला होता. बंदी नव्हती, हवी तर घ्यावी. फक्त त्यासाठी गॅलरीतून स्टूल आणावं लागत होतं, आणि स्टूल आणेपर्यंत आपल्याला खरंच भूक लागलीय का, असा प्रश्न कुठल्याही बँकवाल्याला पडतोच. डब्याच्या जागी फुटाण्यांची बरणी आली होती.

पानात कोशिंबिरीला बढती मिळाली होती. आपलं मराठी पान मुळात विचार करून वाढलेलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यात आपल्या सोयीनं दुरुस्त्या करत आलो. कोशिंबीर चमचाभर झाली आणि लोणच्याची फोड दोनाची चार. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा असावं, असं सांगतात. आमच्याकडे तेवढं लोणचं-पापडातच संपायचं. आता काकडीची, मुळ्याची, गाजराची कोशिंबीर चांगली वाटीभर येते आणि लोणचं रविवारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी सूत्रं काढली. त्यांच्या ताटातही निम्मी जागा भाज्या-फळांची आहे. हिनं ती वाचलेली नाहीत.

आणि भाकरी. बायको मंगळवेढ्याकडची. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या माहेरचे लोक हे जावयाला पहिल्या चहाआधी सांगतात. लग्नानंतर माझ्या आवडीपायी तिनं पोळी धरली होती. आता रात्रीची भाकरी परत आली. तिचं म्हणणं साधं आहे. पोळ्या करून डब्यात रचता येतात आणि रचलेल्या असल्या की पाचवी सहज उचलली जाते. भाकरी तव्यावरून थेट पानात यावी लागते. दुसरी हवी असेल तर करणाऱ्याला उठवावं लागतं, आणि उठणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून भूक आपोआप भागते. ज्वारीत कोंडा, फायबर आहे, हे खरं. पण ती काही औषध नव्हे. चार खाल्ल्या तर साखर चढणारच. माझी गाडी दीडवर थांबते, ती चावावं लागतं म्हणून.

शेवटी लाजेकाजेनं म्हटलं, मी शिकतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून कढत पाण्यात भिजवायचं, परातीत तळहातानं मळायचं आणि मग थापायचं. पहिल्या आठवड्यात भाकरी परातीला चिकटत होती आणि मी भाकरीला. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, तो सुकायच्या आत उलटायची आणि मग विस्तवावर. तिसऱ्या आठवड्यात एक भाकरी टम्म फुगली आणि तिचा पापुद्रा सुटला. नोकरीत बढतीचं पत्र हातात पडलं तेव्हाही मी एवढ्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. त्याच वेळी मनगटावरचं घड्याळ थरथरलं. थापण्याच्या प्रत्येक ठोक्याला ते एक पाऊल धरत होतं. दोन भाकऱ्यांत मी ओट्यापाशी उभ्या उभ्या चारशे पावलं चाललो होतो.

सवय २१ दिवसांत लागते, असं मी सगळ्यांना सांगत असे. हाही आकडा शोधला. १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं पुस्तकात लिहिलं होतं, की रोग्यांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला 'निदान' पुढच्या लोकांनी गाळला. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर हे तपासून पाहिलं. सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ पुरतील असं दिसलं, तर काहींना २५४. मला सगळ्यांत आवडली ती दुसरीच गोष्ट. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असं त्यांना आढळलं. माझे पाडव्याचे संकल्प तेवढ्यासाठीच तर मेले होते. एक दिवस मोडला की मी सगळंच मोडलं असं समजून श्रीखंडाकडे वळायचो.

वर्षानं परत रक्त दिलं. या वेळी आदल्या दोन दिवसांत काहीच बंद केलं नाही, कारण बंद करण्यासारखं फारसं चालूच नव्हतं. आकडा आला ५.८. उंबरठा अजून ओलांडून आत आलो नाही, पण पाऊल मागं घेतलंय. डॉक्टर खूश झाले. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि सांगण्यासारखं काही सापडेना. चहा घेतो, जेवतो, जेवून ही आणि मी कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जाऊन येतो. गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून मी त्यांना वीस मिनिटं संकल्प ऐकवले होते.

बाहेर आलो तर कंपाउंडर पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. मुलीला नोकरी लागली होती त्याच्या.

"घ्या हो साहेब, एवढ्यानं काय होतंय!"

मी अर्धा घेतला, अर्धा त्याच्याच तोंडात घातला. पासबुकात नोंद झाली असणार. चालायचंच.