चौघींची फुगडी

आढीतला हापूस पिकायला लागला की एथिलीन सोडतो. घरभर घमघमाट आंब्याचा, काम एथिलीनचं. आमच्या जामसंड्यात या वायूवर वर्षाची मिळकत उभी असते, पण त्याचं नाव कोणी घेत नाही.

एथिलीन म्हणजे ओलेफिनांतलं शेंडेफळ. दोन कार्बन, मधे दुहेरी बंध. कारखान्यात त्याची ब्यूटीनशी गाठ घातली की बंध तुटतात, जोड्या बदलतात आणि प्रोपिलीन तयार होतं. खताची विणलेली गोण त्याचीच. या अदलाबदलीला मेटाथेसिस म्हणतात. ती होते कशी, हे रसायनशास्त्रज्ञ शोव्हॅं यांनी १९७१ मध्ये मांडलं आणि २००५ चं नोबेल त्यांना ग्रब्ज व श्रॉक यांच्याबरोबर मिळालं. नोबेलवाल्यांनी ती समजावली जोडीनृत्याने. गौरी-गणपतीत आमच्या खळ्यातल्या फुगडीत याचा उलगडा आधीच झालेला असतो. उत्प्रेरकातल्या धातूने एका कार्बनचा हात धरलेला, समोरून दोन कार्बनांची जोडी येते, चौघींचा फेर धरला जातो; फेर सुटतो तेव्हा जोडीदारणी बदललेल्या!

पण प्रत्येक फुगडीत कडेला एक मावशी असते. स्वतः खेळत नाही. कोणी किती वेळ घुमायचं ते मात्र तीच ठरवते. धातूला धरून बसलेले लिगँड म्हणजे ही मावशी. ग्रब्जच्या पहिल्या पिढीच्या उत्प्रेरकात रुथेनियमला दोन फॉस्फिन चिकटलेली असतात, त्यातलं एक उठल्याशिवाय पाहुणीला जागाच होत नाही. उठण्यातही कर्तबगारी असते, हे कुठल्या मावशीला सांगणार?

कारखान्यात टंगस्टन ऑक्साइड सिलिकावर बसवतात. सिलिका म्हटलं की आम्हाला कासार्ड्याची वाळू आठवते. उत्प्रेरकाखालची सिलिका मात्र मुद्दाम घडवलेली, सच्छिद्र. एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग. पुस्तकं तिला नुसता आधार म्हणत. पण तिच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन धातूला धरतो, म्हणजे इथे खळंच मावशी झालेलं. धातूचे अणू तिथे एकमेकांपासून दूर राहतात, आपापसात जुंपून निकामी होत नाहीत.

आयझेनस्टाइन आणि कोपेरे या रसायनशास्त्रज्ञांच्या गटाने श्रॉकच्या जातीच्या उत्प्रेरकांचं गणित मांडलं, त्यातली गंमत वेगळीच. दोन्हीकडून सारख्या स्वभावाचे लिगँड असण्यापेक्षा एकाने इलेक्ट्रॉन सढळ हाताने द्यावेत, दुसऱ्याने हात आखडता घ्यावा, हे बरं. मग ओलेफिन सहज आत येतं आणि फेर वेळेवर सुटतो. उत्प्रेरक सिलिकावर बसवला की आखडता हात तिच्या ऑक्सिजनचा. वाळूच्या नात्यातली, चिक्कू असणारच.