एका खोलीपुरता बेस

पाथर्डीत बेस म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. लग्नसराईत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चार टॉप, चार बेस रचून डीजे निघाला, की वऱ्हाडाच्या आधी रस्त्याकडेच्या खिडक्यांच्या काचा नाचू लागतात. नवरदेव काय करतो यापेक्षा बेस किती होते याची चर्चा पुढं जास्त दिवस चालते. अशा गावात आमच्या दाजींनी घरात बसून हळू आवाजात अभंग ऐकायला सबवूफर आणला, तेव्हा शेजाऱ्यांना त्यांची जरा कीवच आली. "एकच बेस, गुरुजी? आणि तोही दहा इंची?"

दाजींचं गणित उलटं आहे. हळू ऐकणाऱ्यालाच बेसची गरज जास्त, असं ते म्हणतात, आणि त्यांच्या बाजूला बेल लॅबोरेटरीजचे फ्लेचर आणि मन्सन उभे आहेत. आवाज कमी केला की आपला कान आधी खालचे स्वर सोडून देतो, हे या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं. डीजेला बेस लागतो तो छातीत धडकायला. दाजींना हवा तो तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा वाटण्यापुरता. चांगला सबवूफर वाजताना पाहुण्याच्या लक्षात येऊ नये. बंद केला, की मात्र गाण्याखालची सतरंजी कुणीतरी ओढून घेतल्यासारखं वाटावं.

त्यांचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर जुना. गाणं कुठून घ्यायचं, आवाज किती ठेवायचा आणि स्पीकरला ताकद किती द्यायची, सगळा कारभार एकाच पेटीत. पाठीमागं लाल-काळी टर्मिनलं, ए आणि बी अशा दोन जोड्यांसाठी. सबवूफर जोडायचं वेगळं तोंड, म्हणजे सब-आउट, नाही. त्या काळी असला बेस ही थिएटरातली चीज होती. १९७४ साली 'अर्थक्वेक' या अमेरिकी चित्रपटासाठी मोठाले बेस बसवून प्रेक्षकांना भूकंपाचे हादरे दिले, तेव्हा हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात छताचा गिलावा डोक्यावर पडू नये म्हणून जाळी लावली होती. आपल्याकडं वरातीत तेवढीही काळजी घेत नाहीत.

सब-आउट नसलं तरी अडत नाही. स्पीकरच्या त्याच लाल-काळ्या टर्मिनलांना आणखी एक वायर जोडून ती सबवूफरच्या हाय-लेव्हल इनपुटमध्ये न्यायची. सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. तो भिंतीतल्या सॉकेटवर जगतो आणि या वायरीतून फक्त सुगावा घेतो. स्पीकर आठ ओहमचा, तर सबवूफरचं हे तोंड हजारो ओहमचं. जुन्या पेटीवर बोजा म्हणून काही पडतच नाही.

बोजा पडला असता तो आमच्या अक्कामुळे. बी टर्मिनलं रिकामी दिसल्यावर तिनं स्वयंपाकघरात स्पीकरची एक जोडी मागितली. दाजींनी समजावलं, की आठ आणि आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की ॲम्प्लिफायरला चारच दिसतात, आणि पेटीच्या पाठीवर चार चालणार नाही असं छापलंय. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "मग बैठकीतले बंद ठेवा," ती म्हणाली. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच चूक नव्हती.

स्पीकरची वायर जुनी, दोन्ही पदर एकाच रंगाचे. उलटसुलट लागली तर एका स्पीकरचा कोन पुढं येताना दुसऱ्याचा मागं जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दाजींनी बोलावलेल्या वायरमननं वायर पेटीपासून सोडवून तिची टोकं दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला टेकवली. टप्प आवाज झाला, कोन किंचित बाहेर आला. सेलच्या अधिक बाजूला होता तो पदर लाल. त्याला लाल चिकटपट्टी. एवढीच परीक्षा.

मग पेटी गाण्याआधीच गुणगुणू लागली. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, तोच स्वर. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि सबवूफर दुसऱ्या बोर्डावर होता. दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्यावर बरंच शमलं. (तिसरी, अर्थिंगची पिन मोडून टाकण्याचा सल्ला अशा वेळी कुणीतरी देतंच. त्याला चहा पाजून घरी पाठवावं.) उरलेल्यासाठी वायरमननं परसातला अर्थिंगचा खड्डा दाखवला. मीठ-कोळसा पार कोरडा. "बादलीभर पाणी ओतत जा," तो म्हणाला. अवर्षणाच्या तालुक्यात, भर उन्हाळ्यात, गाण्यासाठी बादलीभर पाणी! बरीच बोलणी होऊन भांडी विसळलेलं पाणी अर्थिंगला मंजूर झालं.

खरा छळ खोलीचा. चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, आणि दाजींची बैठक बारा फूट बाय बारा फूट, म्हणजे चार मीटरसुद्धा नाही. लाट मावत नाही, भिंतींवरून परतते. त्यातून खोली चौरस, त्यामुळे दोन्ही दिशांनी सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपासच फुगवटा. तो स्वर आला, की मांडणीवरचे पितळी पेले साथ धरतात. यावर एक उपाय आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि स्वतः भिंतीकडेनं रांगत जायचं. जिथं बेस स्वच्छ ऐकू येईल ती सबवूफरची जागा. दाजी दिवाणावर सबवूफर ठेवून कान जमिनीशी नेत रांगत असताना त्यांच्या आई देवळातून आल्या. "काय हरवलं रे? चष्मा तर डोळ्यावरच आहे."

जागा मिळाली. सबवूफरनं कुठल्या स्वरापर्यंत वाजायचं ते ठरवणारं फिल्टरचं बटण साठ हर्ट्झच्या आसपास ठेवलं, कारण त्याच्या खाली छोटे स्पीकर दम टाकतात. ते एकशेवीसवर नेलं, तर गायकाच्या आवाजाचा खालचा भागही सबवूफरमधून येतो आणि भीमसेनजी समोरून उठून कोपऱ्यात कपाटाशेजारी जाऊन बसतात. एवढ्या मोठ्या माणसाला तिथं बसवणं बरं दिसत नाही.

राहिला प्रश्न सबवूफरच्या आवाजाच्या बटणाचा. यासाठी मोबाइलवर ॲप असतात, पण इतके खालचे स्वर मोबाइलच्या माइकला धड ऐकूच येत नाहीत. दाजींनी गल्लीतल्या पखवाजवाल्या महाराजांना बोलावलं. भगवानगडापासून मढीपर्यंत सप्ताहांमध्ये साथ करणारा माणूस. बेस लावणं हे त्यांचं रोजचंच काम. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, ओल्या कणकेचा गोळा थापायचा, हात मारून ऐकायचं, घुमारा जड वाटला तर नखानं थोडी खरवडायची, हलका वाटला तर पुन्हा थापायची. कीर्तन संपलं की सगळी काढून टाकायची, दुसऱ्या दिवशी नव्यानं. त्याला ना आकडे, ना खुणा.

महाराज डोळे मिटून बसले. अभंगाचं एक कडवं झालं.

"कणीक जास्त झाली," ते म्हणाले.

दाजींनी बटण थोडं मागं घेतलं.

"अजून काढा."

आणखी मागं. महाराजांची मान हलू लागली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, "काढलेली कणीक इकडं द्या हो, दोन पोळ्या कमी पडतायत."