साडेतीन शहाणे आणि बाकीचे

मंडईत भाजीवाल्या मावशींपुढे उभं राहून कुणी ‘कोथिंबिरीचा एक गुच्छ द्या’ म्हटलं, तर मावशी कोथिंबीर देतील. पण गिऱ्हाईक नवखं आहे हे ओळखून भावही तसाच लावतील. कोथिंबिरीची जुडी असते. विड्याच्या पानांची कवळी, लाकडांची मोळी, कडब्याची पेंढी, मडक्यांची उतरंड, करवंदांची जाळी आणि पिकत घातलेल्या आंब्यांची अढी. केळ्यांचा कारभार तर सरकारी खात्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा. झाडावर घड, हातगाडीवर फणी आणि पिशवीत पडेपर्यंत डझन. भाकरी गोल आणि चपटी, रुपयाही गोल आणि चपटा, दोन्ही एकावर एक रचले जातात. तरी भाकऱ्यांची चवड होते आणि रुपयांची चळत. यात अदलाबदल करणाऱ्या सुनेला जुन्या घरातली सासू दोन्हींपैकी कशालाच हात लावू देणार नाही.

वस्तूंच्या बाबतीत इतकी चोखंदळ असलेली ही भाषा माणसांचा विषय निघाला की हात आखडता घेते. शाळेच्या व्याकरणात समूहदर्शक शब्दांची यादी असते. तिच्यात मुलांचा घोळका, प्रवाशांची झुंबड, यात्रेकरूंचा जथा एवढं झालं की माणसं संपतात. चोरांची टोळी आहे, पण माकडांचीही टोळीच आहे. यावर माकडांचं म्हणणं अजून कुणी विचारलेलं नाही.

टोळी हा शब्द ऊसतोडीतही आहे. साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आला की बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादम टोळी ठरवतो तेव्हा ‘माणसं किती’ असं विचारलं जात नाही, ‘कोयते किती’ असं विचारलं जातं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. माणसं दोन, राबणारे हात चार, पण हिशेब एका कोयत्याचा. हंगामाआधी मिळणारी उचलही त्याच मापाने. हा शब्द व्याकरणाच्या यादीत नाही. तो हिशेब मांडणाऱ्याने ठेवलेला आहे.

खरी गोम इथेच आहे. माणसांच्या समूहाला नाव बहुतेक वेळा समूहाबाहेरचा माणूस देतो, आणि देताना फार चौकशी करत बसत नाही. मराठ्यांचंच पाहा. 1742 पासून नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जाऊ लागल्या. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघांच्या मानात आणि पगारात चांगलंच अंतर. बंगालच्या रयतेने मात्र घोडा कुणाच्या मालकीचा आहे याची विचारपूस न करता सरसकट सगळ्यांना ‘बर्गी’ म्हणून टाकलं. एखाद्या खानदानी शिलेदाराला हे कळलं असतं तर लुटीपेक्षा या अपमानाचंच त्याला जास्त लागलं असतं. बंगाल्यांना विनोद सुचण्यासारखी ती वेळ नव्हती हेही खरं. गावंच्या गावं जळत होती, आणि ‘बर्गी’ तिथल्या अंगाईगीतात जाऊन बसले ते आजतागायत उठलेले नाहीत.

त्याच धास्तीने कलकत्त्यात शहराभोवती खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे काही तिथवर आले नाहीत, आणि काम अर्धवट राहिलं. पुढे 1799 मध्ये तो बराचसा बुजवून त्यावर रस्ता केला. पण तेवढ्यात कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांना ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, हे नाव पडलं होतं. न आलेल्या शत्रूसाठी पुरा न झालेल्या खंदकावरून मिळालेलं नाव! असं भाग्य इतिहासात फार थोड्या शहरांना लाभलं असेल.

साहेबलोक आपापसातही कमी नव्हते. कंपनीच्या तीन इलाख्यांतल्या गोऱ्यांनी एकमेकांना ठेवलेली नावं ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशात नोंदलेली आहेत. बंगालचा साहेब बसल्या जागेवरून नोकराला ‘कोई है?’ अशी हाक मारायचा, म्हणून तो झाला ‘कुई-हाय’. मद्रासचा साहेब मिऱ्यांचं सार, म्हणजे मुळगतवानी, भुरकायचा, म्हणून तो ‘मल’. आणि मुंबईचा साहेब ‘डक’. हे बदक पाण्यावर तरंगणारं नव्हे. कोळीवाड्यात बांबूंना बांधलेल्या दोरीवर, तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेला जो बोंबील, त्याला इंग्रजीत बाँबे डक म्हणतात. म्हणजे लंडनहून झोकात आलेला, पदव्या आणि पदकं मिरवणारा अधिकारी कलकत्त्याच्या क्लबात शिरला की कोपऱ्यातून कुजबुज व्हायची, आला बोंबील. या कोशाच्या नावातही हाच खेळ आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला, आणि यूल व बर्नेल या संपादकांनी तोच कोशाला दिला.

नाव ठेवायला मोठं कारण लागत नाही, साप्ताहिक सुट्टीही पुरते. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांमध्ये बेने इस्राएल समाज पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवायचा. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून इथे आले, अशी या समाजाची परंपरा सांगते. भाषा मराठी, पेहराव मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. शेजाऱ्यांच्या लक्षात एकच वेगळेपण आलं, की शनिवारी यांचा घाणा बंद असतो. झालं, शनवार तेली! सोमवारी घाणा बंद ठेवणारे होते ते सोमवार तेली. ज्यू धर्म, त्याचा ग्रंथ, त्याचे प्रेषित, साबाथची आज्ञा यांपैकी काहीही माहीत नसताना गावाने ज्यू माणसाची अचूक ओळख पटवली, तीही तेल कुठल्या दिवशी मिळत नाही एवढ्या गृहिणीच्या अडचणीवरून. समाजशास्त्राच्या प्रबंधाला यापेक्षा नेमकं शीर्षक मिळणं अवघड आहे. या समाजातले बहुतेक लोक पुढे इस्राएलला गेले आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.

आता मुंबईच्या क्रिकेटकडे या. तिथल्या जुन्या स्पर्धेत संघ धर्मावरून पडत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. 1937 मध्ये पाचवा संघ आला. यात भारतीय ख्रिस्ती होते, अँग्लो-इंडियन होते, ज्यू होते, म्हणजे कोकणातल्या शनवार तेल्यांच्या लेकरांनाही जागा इथेच. इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या लोकांना मिळून नाव काय द्यावं? आयोजकांनी फार डोकं शिणवलं नाही. संघाचं नाव ठेवलं ‘द रेस्ट’. मराठीत सांगायचं तर, बाकीचे. लग्नाच्या पंगतीत व्याही, मानाचे पाहुणे, मुंजे झाले की ‘आता बाकीचे बसा’ म्हणतात, त्यातले बाकीचे.

या बाकीच्यांत सांगलीकडचे विजय हजारे होते. 1943 च्या डिसेंबरात ब्रेबर्न स्टेडियमवर अंतिम सामन्यात हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट नाबाद 250. बाकीचे 133 मध्ये आटोपले आणि त्यांच्यावर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात त्यांच्या 387 धावा झाल्या आणि त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटा भाऊ विवेक एक बाजू धरून उभा राहिला. त्याच्या धावा 21, आणि दोघांची भागीदारी 300. बाकीच्यांतही बाकीचे कोण, हे त्या दिवशी धावफलकाने स्पष्ट केलं. सामना हिंदूंनी एक डाव आणि 61 धावांनी जिंकला, पण आज लोक सांगतात ते हजाऱ्यांच्या 309 बद्दल. 1946 मध्ये ही धर्मवार स्पर्धा बंद पडली ते बरंच झालं. 1952 मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कप्तान विजय हजारेच होते.

त्याच मुंबईच्या रणजी संघाला इतर प्रांतांनी ‘खडूस’ ठरवलं. बाद व्हायचं नाही, फुकट धाव द्यायची नाही आणि वर तोंड वाकडं. खडूस ही काही स्तुती नव्हे. घरमालकाला, बँकेतल्या कारकुनाला म्हणायचा शब्द. पण मुंबईकरांनी तो छातीवर पदकासारखा लावला आणि 2024 पर्यंत 42 वेळा रणजी करंडक घरी नेला.

पुण्याची तऱ्हा वेगळी. पुण्याला मोजल्याशिवाय राहवत नाही, आणि मोजताना अपूर्णांक सोडवत नाही. उत्तर पेशवाईत शहाणे किती? साडेतीन. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. अर्धे नाना फडणवीस. कारण म्हणे अक्कल भरपूर, पण तलवार हातात धरायची बात नाही. याच सुमारास दुसरीही यादी तयार झाली. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रघुनाथरावांना दूर ठेवण्यासाठी कारभारी एकत्र आले, ते बारभाई. सखारामबापू इथेही आहेत, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आहेत आणि नानाही आहेत. एका यादीत अर्धे असलेले नाना दुसरीत पूर्ण धरलेले! बारभाईंची नावं मोजायला बसलं तर बाराचा आकडा जुळवताना इतिहासकारांची तारांबळ उडते. पण आठभाई किंवा चौदाभाई म्हटलं असतं तर त्यात ती मजा नव्हती. भागीदार जास्त आणि काम गोत्यात, असं दिसलं की मराठी माणूस अजून ‘बारभाईची खेती’ म्हणतो.

शहाणपणाच्या या गुणपत्रिकेचा पुढचा भाग मात्र फारसं कुणी सांगत नाही. पूर्ण शहाणे विठ्ठल सुंदर 1763 मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. पूर्ण शहाणे सखारामबापू नानांच्या कारभारात कैदेत पडले आणि कैदेतच गेले. अर्धे शहाणे नाना 1800 साली वारले, तोवर बहुतेक काळ पुण्याचा कारभार त्यांच्या हाती होता. पूर्ण गुण देणारा परीक्षक कोण होता, ते एकदा तपासून पाहायला हवं.

एखाद्या समूहाने आपलं नाव स्वतःच ठेवलं तर ते पंचांगाशी भांडत बसतं. गल्लोगल्ली ‘नवतरुण मित्र मंडळ’ असतं. गणपतीच्या वर्गणीला पावतीपुस्तक घेऊन दाराशी येणाऱ्या खजिनदारांना जिना चढून धाप लागलेली असते, पावतीवरचा आकडा लिहायला ते चष्मा शोधतात, आणि खरे तरुण डीजेच्या गाडीपाशी दुसऱ्याच मंडळाचे टी-शर्ट घालून उभे असतात.

कोकणातून मुंबईला नोकरीला आलेल्यांना गावाने ‘चाकरमानी’ म्हटलं. मुंबईत साधा कारकून असलेला माणूस गणपतीत सावंतवाडीला गाडीतून उतरला की चाकरमानी होतो, आणि त्याच्या हातातल्या खोक्यांकडे अख्खी वाडी पाहते. या शब्दातली चाकरी अनेकांना खटकते. 2025 मध्ये सरकारी कामकाजात चाकरमानीऐवजी ‘कोकणवासी’ म्हणावं असे निर्देशही निघाले. निर्देश कागदावर चालतात. वाडीतली आजी मात्र मुलाची वाट पाहताना चाकरमानी अजून पोचले नाहीत, असंच म्हणते.

सगळ्यांना एकच नाव देऊन भानगड मिटवण्याचा प्रयोग वारीत यशस्वी झाला आहे. दिंड्या नंबरांनी ओळखल्या जातात, ज्ञानोबांच्या पालखीत रथापुढे सत्तावीस, मागे आणखी; पण दिंडीतला माणूस मात्र फक्त ‘माऊली’. पाण्याच्या टँकरपाशी घुसणारा माऊली, त्याला मागे ढकलणाराही माऊली. बंदोबस्तावरचा हवालदार शिट्टी तोंडातून काढून ओरडतो, ‘ओ माऊली, दिसत नाही का? आंधळे आहात का, माऊली?’ शिव्या देण्याची पूर्ण मुभा, फक्त दोन्ही टोकांना माऊली लावायची.

तुमच्या घरालाही असं एक नाव नक्की पडलेलं आहे. दारावरच्या पाटीवर ते नसतं. दूधवाल्याच्या वहीत, वॉचमनच्या तोंडी, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फोनवरच्या गप्पांत ते रोज वापरलं जातं: ‘कुत्रेवाले’, ‘पहाटे मिक्सर लावणारे’, ‘भांडणारे, तिसरा मजला’. एकदा इस्त्रीवाल्याला गाठा आणि तुमच्या गाठोड्याच्या चिठ्ठीवर तो काय लिहितो ते बघून घ्या.