परस्पर क्षमा करणाऱ्या सज्जनांस

प्रति,
दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणारे समस्त सज्जन,
मुक्काम इंदूर व पंचक्रोशी

विषय : न विचारता वाटलेल्या क्षमेबाबत



सिस्टर राणी मारिया यांच्या मारेकऱ्याला मिळालेली क्षमा ही इंदूर धर्मप्रांतातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत जास्त गैरवापर झालेली घटना आहे. कुठल्याही गुन्हेगाराची बाजू सावरायची झाली की सज्जन तिचाच दाखला देतात : “बघा, तिच्या सख्ख्या बहिणीने खुन्याला राखी बांधली, मग बाकीच्यांचे काय एवढे?” राखी खरी आहे. तिच्या आधीचे आणि नंतरचे मात्र सज्जनांच्या सांगण्यात कधी येत नाही, म्हणून ते येथे क्रमाने दिले आहे.

राणी मारिया वट्टालिल मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी. १९९२ पासून त्यांचे काम देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात होते. सावकाराच्या दारी न जाता बँकेतून कर्ज कसे मिळवायचे, सरकारी योजना कोणत्या, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे त्या आदिवासींना शिकवत. ज्यांचे बस्तान या शिकवणीने उठले त्यांना ते मानवले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या असता समंदरसिंह याने त्यांना चाकूने भोसकले, बसमधून खाली ओढले आणि पुन्हा भोसकले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. बस उतारूंनी भरलेली होती. कोणी जागचे उठले नाही.

पुढे अटक, खटला, जन्मठेप. स्वामी सदानंद हे कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात जाऊन समंदरसिंहाला भेटत राहिले. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात त्याला राखी बांधली; तोवर त्याच्या शिक्षेची काही वर्षे उलटली होती आणि केल्या कर्माचा पश्चात्ताप तो बोलून दाखवत होता. नंतर आईनेही त्याचे हात हातात घेऊन चुंबले. ज्या हातांवर आपल्या मुलीचे रक्त होते तेच हात आपण घेत आहोत, हे तिला ठाऊक होते. सुटकेसाठी शासनाकडे रदबदली केली ती याच कुटुंबाने आणि संघाने. २००६ मध्ये, अकरा वर्षांनी, तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारिया ‘धन्यवादित’ (संतपदाच्या अलीकडची पायरी) म्हणून घोषित झाल्या, तेव्हा तोही उपस्थित होता.

सज्जनांच्या हिशेबात यातले फक्त राखीचे पान उरते. वास्तविक क्षमेचा हा क्रम एका कुटुंबाच्या मनाच्या मोठेपणातून अचानक उपजलेला नाही. कॅथलिक धर्मशिक्षणात तो शतकानुशतके आहे. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप लागतो, तोंडाने दिलेली कबुली लागते आणि झालेले नुकसान भरून काढण्याची तयारी लागते. चोराला क्षमा मिळते, पण चोरलेला ऐवज घरात ठेवून घेण्याची मुभा मिळत नाही. गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा देणे हा राज्यसत्तेचा अधिकार आणि कर्तव्य आहे, असे चर्चचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये त्यातील बदलाने मृत्युदंड अग्राह्य ठरवला. तुरुंग त्यांनी ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आगजाला चार दिवसांत जाहीर क्षमा केली आणि १९८३ मध्ये कोठडीत जाऊन ते त्याला भेटले. इटलीच्या तुरुंगातून आगजा बाहेर पडला तो २००० साली.

याउलट परस्पर क्षमेचा नमुना इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर, झाबुआ ओलांडले की लागणाऱ्या दाहोद जिल्ह्यात सापडतो. मार्च २००२ मध्ये तेथे बिल्किस बानो या पाच महिन्यांच्या गर्भवतीवर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या डोळ्यांदेखत तिची तीन वर्षांची मुलगी मारली गेली, घरची माणसे मारली गेली. खटला गुजरातेतून मुंबईला हलवावा लागला; २००८ मध्ये तेथील विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशी, गुजरात सरकारच्या आदेशाने अकराही जण गोध्र्याच्या तुरुंगातून बाहेर आले. बाहेर हार होते, मिठाई होती, पाया पडणारे होते. शिफारस करणाऱ्या समितीतील एका आमदाराने दोषींपैकी काहींच्या चांगल्या संस्कारांची ग्वाही दिली. तिला कोणी विचारले नाही.

शिक्षेत सूट देण्याचा शासनाचा अधिकार दोन्ही प्रकरणांत वापरला गेला. उदयनगरच्या प्रकरणात जिचे पोटचे गेले ती आई अर्जामागे उभी होती. गोध्र्याच्या प्रकरणात जिचे गेले तिला त्या अर्जाची वार्ताही नव्हती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा प्रकार मराठी माणसाला नवा नाही, पण हलवाई घरात रडत बसलेला असताना बाहेर त्याच्याच नावाने पेढे वाटणे, यासाठी निर्लज्जपणा फार मोठ्या मापाचा लागतो! सुटलेल्या दोषींविषयी “जाऊ द्या, चौदा वर्षे भोगली की बिचाऱ्यांनी” असे म्हणणाऱ्यांनी निदान त्या बाईच्या दारापर्यंत जाऊन हे वाक्य म्हणायला हवे होते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने निर्णयाचा अधिकारच गुजरातचा नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. त्याच महिन्यात दोषी पुन्हा आत गेले.

 

परस्पर क्षमेचा हा अपराध चर्चनेही केलेला आहे, आणि गोध्र्याच्या समितीपेक्षा कितीतरी अधिक काळ केलेला आहे. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना ‘पश्चात्ताप झाला आहे’ एवढ्यावर एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात धाडले जाई. तेथे नवी मुले असत. बोस्टनमध्ये २००२ साली हे चव्हाट्यावर आले आणि तेथील कार्डिनलना पायउतार व्हावे लागले. बिशपांनी त्या सगळ्याला दयाच म्हटले होते. मुलांना तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

सज्जन मुळात दुष्ट नसतात, हेही नोंदवणे भाग आहे. ओला-सुका कचरा एकत्र टाकणाऱ्या शेजाऱ्याचा फोटो काढून ते महानगरपालिकेला पाठवतात, तेव्हा न्यायाची चाड त्यांच्यात शाबूत असल्याचे दिसते. गुन्हा मोठा झाला की ती आटते, कारण मोठ्या गुन्हेगाराच्या हातात चाकू असतो, निदान हार घालणारा जमाव तरी असतो. उदयनगरच्या बसमध्ये बसून राहिलेली माणसेही घाबरलेली साधी माणसे होती. कुणाला पोरेबाळे होती, कुणाला संध्याकाळी घरी पोचायचे होते. न उठल्याचा सल पुढे जन्मभर नेणे कठीण जाते. गुन्हेगाराला चटकन क्षमा करून टाकली की झाला प्रकार संपला असे वाटते, आणि आपण बसून होतो हेही त्यात मिटून जाते. ही सोय त्यांना हवीशी वाटली तर त्यांना हसता येत नाही.

ज्यांना दयेची खरोखर हौस आहे त्यांच्यासाठी चर्चच्या परंपरेत दयेची चौदा कृत्ये सांगितलेली आहेत. कैद्याला भेटणे त्यात आहे, दुःखिताचे सांत्वन आहे, चुकणाऱ्याला त्याची चूक तोंडावर सांगणेही आहे. आपल्यावर झालेला अन्याय क्षमा करणे हेही एक कृत्य आहे. शेजारणीवर झालेला अन्याय क्षमा करण्याची तरतूद यादीत आढळत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती. नसल्यास तशी क्षमा सज्जनांनी परस्पर गृहीत धरावीच.